जुनी रेड वाइन चाखताना

मागच्या वेळी आपण नव्या रेड वाइनबद्दल बोललो. आज जुनी घेऊ. उदाहरण म्हणून फ्रान्समधल्या बोर्दोची १९८२ सालची बाटली समोर आहे असं धरू. ते साल तिथे फार नावाजलेलं आहे.

तिथल्या पोइयाकसारख्या गावांत मुख्य द्राक्ष काबर्ने सोविन्यों. साल जाड, त्यामुळे टॅनिन भरपूर. जास्त उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ आवळते ना, तेच हे टॅनिन. ते आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि गाळ म्हणून खाली बसतात. म्हणून तुरटपणा मवाळ होतो आणि रंगही उतरतो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून बघा. मध्ये डाळिंबी, कडेला विटकरी. जांभळी झाक कुठेच नाही.

आता वास. ताजं फळ मागे सरलेलं असतं. चामडं, तंबाखू, देवदाराचं लाकूड, अळिंबी, पावसात भिजलेला पालापाचोळा असं काहीबाही येतं. पहिल्यांदा घेणारा हमखास विचारतो, "खराब झालीय का हो?" प्रश्न रास्त आहे. व्हिनेगरचा झणका किंवा ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला, तर झालीच. तसं नसेल तर घोट घ्या आणि चव किती वेळ रेंगाळते ते बघा. फळाचा गोडवा थोडा तरी मागे हवा. तो पार संपून नुसता आंबटपणा उरला असेल, तर आपल्याला उशीर झाला.

एक सांगून ठेवतो, भेट आलेली बाटली कपाटावर ठेवून जुनी करायला जाऊ नका. बहुतेक वाइन लवकर पिण्यासाठीच बनते. जी मुरते, तिलाही वर्षभर बारा-तेरा अंशांचा गारवा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात ती मुरत नाही, शिजते!

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी ठेवायची. बूच ठिसूळ झालेलं असतं, घाई केली की तुकडे आत पडतात. मग मानेमागे मेणबत्ती धरून सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतायची, गाळ मानेशी आला की थांबायचं. नव्या वाइनसारखी तासन्‌तास हवेवर ठेवू नये, असं आमचं मत. सुरुवातीला गप्प वाटलेली जुनी वाइन वीसेक मिनिटांत खुलते आणि कधी कधी तितक्याच लवकर विरते. त्यामुळे ग्लासात थोडी थोडीच घ्या आणि शेवटचं बोटभर गाळासकट बाटलीतच राहू द्या.