वीर स्थानकावरचं ते पिवळं यंत्र

वीर किंवा करंजाडीला बाजूच्या रुळावर लांबलचक पिवळी गाडी उभी दिसते ना? बहुतेकदा ते असतं टॅम्पिंग मशीन! गाड्यांच्या वजनाने स्लीपरखालची खडी सरकते, रूळ किंचित खचतो. हे यंत्र रूळ उचलून धरतं. मग त्याचे पोलादी दांडे स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी खडीत घुसतात, सेकंदाला सुमारे ३५ वेळा थरथरत खडी स्लीपरखाली घट्ट दाबतात आणि वर येतात. लगेच पुढचा स्लीपर! बघत राहावं असं काम. पूर्वी हेच काम गँगमन हाताने करायचे.

रोहा-वीर मार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे मात्र एकेरीच. तिथे यंत्र उतरवायचं तर दोन्ही दिशांच्या गाड्या काही वेळ थांबवून ब्लॉक घ्यावाच लागतो. म्हणून महाड-पोलादपूरकरांनो, ब्लॉकच्या दिवशी वेळापत्रक बघूनच निघा.