घरचंच काम

सकाळी 6.50
मुलुंड पश्चिमेला आमच्या चाळीच्या ओट्यावर वायरमन पिशवी भरतोय. टेस्टर, पक्कड, छिन्नी, दोन हातोडे, टेस्ट लॅम्प, स्प्रिंग वायर. मुलुंडच्याच आयटीआयमधून वायरमनचा दोन वर्षांचा ट्रेड केला, तेव्हापासून हेच काम. आज घाटकोपरला आत्याकडे जायचंय. "घरचंच काम आहे रे," असं ती फोनवर म्हणाली. हे वाक्य त्याला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. त्यातून भाव कसा निघतो ते बघायला मी बरोबर निघालो.

7.35
भांडुपला लोकलमध्ये हेल्पर चढला. गर्दीत पिशवी पायांत धरून दोघं उभे.

8.20
स्टेशनवरून पंतनगर, रिक्षाचे 26 रुपये. म्हाडाची जुनी इमारत. आत्या पोहे पुढे करते. "आधी काम बघू दे, मग खातो." तो बोर्ड उघडतो. आत अ‍ॅल्युमिनियमची जुनी वायर. तिच्या कव्हरला नख लावलं तर काळा भुगा हातात येतो. गीझर 2,000 वॅटचा, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर, आणि तो दिव्यांच्याच लाइनवर टाकलेला. मला ते बघून धडकी भरली. आत्या इतके दिवस याच भिंतीशेजारी झोपते.

9.05
तो कागद मागतो. साधे पॉइंट, गीझरचा पॉइंट, नवा डीबी म्हणजे मुख्य बोर्ड, झिरी मारणं. मजुरी 3,600. खाली वजा 1,600. उरले 2,000.

आत्तेभाऊ म्हणतो, "आईकडून मजुरी घेणार तू?"

"माझी पूर्ण नाही घेत, दादा. ह्या पोराची तर द्यावी लागेल ना? त्याची कुठे आत्या आहे ही?"

मग 3,600 लिहिलेच कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "खोडलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर शेजारी म्हणतील, भाचा दोन हजारांत करून देतो. आणि तोच भाव मला पुढे वर्षभर पुरेल."

सामानात सूट नाही. दुकानदार त्याला जे कमी करतो, ते आत्याच्याच बिलात जातं. आरसीसीबी महाग आहे, तो नको, असं आत्या म्हणाली. इथे मात्र भाचा ऐकत नाही. 30 मिलीअँपिअर गळती झाली की तो वीज तोडतो, ओल्या हाताच्या घरात तो हवाच.

10.15
मीटरखालचा फ्यूज काढून तो स्वतःच्या खिशात टाकतो. मधेच कुणी मेन चालू करू नये म्हणून. मग कटर. भिंतीतून लाल धूळ उडते. कटरचं पातं घासून संपतं, हेल्पर नवीन आणतो. 198 रुपये. पाइपातून स्प्रिंग वायर सरकवायची, तिला तांब्याची नवी वायर बांधायची, एकाने ढकलायची, दुसऱ्याने ओढायची. "थांब. सोड. आता ओढ." तासभर एवढंच बोलणं. गीझरला 4 स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, वेगळा एमसीबी.

दुपारी 1.45
आमटी-भात. हेल्परचं ताट त्याच्या शेजारीच. आत्याने दोघांनाही पुन्हा वाढलं.

4.50
खिशातला फ्यूज परत बसला. टेस्टचं बटण दाबलं, आरसीसीबी पडला. पुन्हा वर केला. गीझर चालू, ट्यूबलाइट जराही हलली नाही.

5.30
सामानाचे पैसे बिलाप्रमाणे. मजुरी म्हणून आत्याने 500च्या पाच नोटा ठेवल्या. त्याने एक परत केली. "कागदावर दोन हजार आहेत, आत्या." ती रागावली. पण नोट घेतली.

6.40
भांडुपला हेल्परच्या हातात 700. जाता-येता रिक्षा 52, पातं 198. वायरमनला उरले 1,050. एवढं काम परक्याकडे केलं असतं तर 2,650 उरले असते.

रात्री 8.30
शाळेतल्या मित्राचा फोन. दोन खोल्यांचं वायरिंग. "तू काय परका आहेस का? बघ ना काहीतरी." वायरमन डायरी उलटतो. याच मित्राचे तीन पंखे, गेल्या पावसाळ्यात लावलेले. पुढे 900, जमेचा रकाना रिकामा.

"मागचे 900 राहिलेत रे."

पलीकडे मित्र विषय बदलतो. हा ऐकून घेतो, पुन्हा एकदा 900 म्हणतो, आणि काम बघायला रविवारी सकाळी 10 ची वेळ देतो.