तलावाकाठचे पर्यटन : धंदा पाण्याजवळ नाही, पाठीमागे आहे

ताडोबाला जाणाऱ्या गाड्या रोज दारावरून धावतात, मग त्यातला पैसा आपल्या दुकानात का येत नाही? चंद्रपूरच्या बाजारात आपल्या व्यापारी बांधवांशी गप्पा मारताना हा प्रश्न हमखास निघतो. त्यानंतर कोणीतरी सांगतो की मोहर्लीच्या बाजूला, इरईच्या पाण्याजवळ एखादा प्लॉट घ्यायचा आणि चार खोल्या बांधायच्या. आमचे मत नेमके याच्या उलट आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी पर्यटक कोठून येतो, कोठे थांबतो आणि केव्हा येतो हे पाहिले पाहिजे.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे तलावांचे जिल्हे. गावोगावी मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी गेली, तलाव राहिले. त्यांवर भाताची शेती होते आणि ढिवर समाजाच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. पर्यटक मात्र मोजक्याच पाण्यांवर जातो. ताडोबाचा तलाव अभयारण्याच्या आत आहे, तिथे मगरी आहेत, आणि गाडीतून खाली उतरता येत नाही. मोहर्लीला इरई धरणाचे विस्तीर्ण पाणी आहे. हेच पाणी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. शहराजवळ जुनोना तलाव आहे, अगरझरीला फुलपाखरांचे उद्यान आहे. नागभीड तालुक्यात घोडाझरी आणि सिंदेवाही-सावली भागात असोलामेंढा हे इंग्रजी अमदानीतले मोठे तलाव आहेत. गडचिरोलीकडे गेले तर वैनगंगेकाठी मार्कंड्याची प्राचीन मंदिरे आहेत आणि पार दक्षिणेत अहेरी तालुक्यात कमलापूरला तलावाच्या काठी वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नागपूरच्या विमानतळावर उतरलेला पाहुणा उमरेड-चिमूर मार्गे थेट कोलारा किंवा नवेगाव प्रवेशद्वारावर जातो. त्याला चंद्रपूर शहर लागतच नाही. मोहर्लीकडे येणारा शहराच्या जवळून जातो खरा, पण पहाटेची सफारी गाठण्याच्या घाईत असतो. रिसॉर्टचे सामानही पुष्कळदा नागपूरहून येते. म्हणजे गिऱ्हाईक पर्यटक आहे असे धरून बसलेला दुकानदार चुकतो. आपले खरे गिऱ्हाईक म्हणजे रिसॉर्टचा व्यवस्थापक, जिप्सीचा मालक आणि घोडाझरीला भजी तळणारा टपरीवाला.

जिप्सीचेच पाहा. उघड्या जिप्सीत सहा पाहुणे, चालक आणि मार्गदर्शक बसतात. कच्च्या रस्त्यावर सकाळ-दुपार दोन फेऱ्या होतात, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा गाडीचे पाटे, शॉकॲब्सॉर्बर, क्लच, रेडिएटर किती दिवस टिकणार? त्यात मारुती कंपनीने ही गाडी २०१९ च्या सुमारास बाजारातून काढून घेतली. त्यामुळे जुन्या गाड्या दुरुस्त करून चालवणे भाग आहे. इंजिन खोलून बांधणारा मेकॅनिक, पत्रा सरळ करणारा डेंटर, वेल्डर आणि सीट शिवणारा कारागीर यांना इथे वर्षभराचे काम आहे. या कामांत आपल्या समाजाचा हात पिढ्यान्पिढ्या बसलेला आहे. आमच्या पाहण्यात एक सीटमेकर आहे. तो दुकानात गिऱ्हाईकाची वाट पाहत बसत नाही. मंगळवारी उद्यान बंद असते, गाड्या उभ्या असतात, तेव्हा तो मशीन आणि रेक्झिनचे तागे छोट्या टेम्पोत घालून गावात जातो. दिवसभरात जागेवरच गाद्या शिवून देतो. मालकाचा सफारीचा दिवस बुडत नाही, म्हणून तो घासाघीस करीत नाही.

पिंजारी बांधवांनी हिवाळा लक्षात ठेवावा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या गाडीत बसलेला पाहुणा थंडीने काकडतो. गाडीत ठेवायच्या जाड रजया, त्यांची धुता येतील अशी खोळ, मळखाऊ रंग, एवढे जमले तर एका गाडीमागे सहा नग खपतात. शिंप्यांना कापडी पिशव्या आणि बाटलीची गवसणी यांचे काम आहे. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि जंगलात तर तपासणी अधिकच कडक असते. सुतारांना खाटा, टेबले, मचाणवजा गच्च्या यांची कामे मिळतात. मात्र लाकूड वनविभागाच्या आगारातून लिलावात घेतलेले आणि वाहतूक परवान्यासह असावे. बिल आणि परवाना नसलेली एक फळी कारखान्यात सापडली तर नफा राहो, धंदाच बंद पडायचा. बांबूसाठी ग्रामसभांशी सरळ बोलता येते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभाच बांबू विकू लागली. इतर गावांनीही तोच मार्ग धरला आहे.

उधारीचे एक सांगून ठेवतो. मोठी हॉटेले माल घेतात आणि पैशाला महिनोन्‌महिने लावतात. ज्या लहान उत्पादकाने किंवा सेवा देणाऱ्या कारागिराने उद्यम नोंदणी केली आहे, त्याचे बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर आहे. पुढे उशीर झाला तर व्याज लागते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र या तरतुदीचा आधार मिळत नाही, त्याने उधारी स्वतःच्या हिमतीवर द्यावी.

आता प्लॉटविषयी. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम एका दलालाच्या भरवशावर तलावाजवळच्या जमिनीत घातली. विसार दिला, साध्या स्टॅम्प पेपरवर सही झाली, आणि मग कळले की जमीन आदिवासी खातेदाराची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. घेतली तरी ती परत जाते, आणि ते योग्यही आहे. हा कायदा नसता तर या जिल्ह्यांत मूळ मालकाच्या हातात वीतभर जमीन उरली नसती. याशिवाय ताडोबाभोवती २०१० पासून बफर क्षेत्र आहे आणि २०१९ मध्ये पर्यावरण संवेदनशील क्षेत्रही जाहीर झाले. तिथे बांधकामाला वेगळ्या परवानग्या लागतात. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले दिसले की तलाठी कार्यालयात चौकशी केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. त्या गृहस्थांचा विसार आजही अडकलेला आहे.

घाटावर दुकान मांडणाऱ्यांना दोन सूचना. वाघनख, अस्वलाचे केस, साळिंदराचे काटे असल्या वस्तू कोणी ‘चालतात’ म्हणून आणून दिल्या तर हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली विकणारा आणि ठेवणारा दोघेही तुरुंगात जातात. दुसरे, पाण्याशी खेळ नको. मार्च २०२५ मध्ये घोडाझरीत पाच तरुण बुडून गेले. आपल्या टपरीवर थांबलेली पोरे खोल पाण्याकडे निघाली तर त्यांना हटकावे, गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल.

हंगामाचे गणित असे आहे. ताडोबाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. नेमक्या याच काळात घोडाझरी आणि असोलामेंढ्याचे सांडवे वाहतात आणि रविवारी नागपूरपर्यंतची कुटुंबे येतात. त्यांत हलाल जेवण शोधणारी मुस्लिम कुटुंबेही असतात. खाद्यपदार्थांचा धंदा करणाऱ्याने अन्न परवाना काढून पावसाळा धरावा. मासे ढिवरांच्या संस्थेकडून घ्यावेत, ताजे आणि स्वस्त मिळतात. गाड्यांची मोठी दुरुस्ती, गाद्या आणि सुतारकाम यांच्या ऑर्डरी मात्र जुलै-ऑगस्टमध्येच निघतात, कारण १ ऑक्टोबरला फाटक उघडायच्या आत सर्व तयार लागते. रिसॉर्टच्या व्यवस्थापकाला नमुना घेऊन भेटायचे असेल तर जुलैचा पहिला पंधरवडा बरा. तेव्हा त्याच्याकडे बसून बोलायला वेळ असतो.