आराखड्याची भाषा : वर्णनात्मक भूमितीच्या अध्यापनाची वाटचाल

शाळाखोली असो, पाण्याची टाकी असो वा बंधारा असो, प्रत्येक बांधकामाच्या अंदाजपत्रकासोबत आराखडा जोडलेला असतो. त्यात तळनकाशा, दर्शनी नकाशा व छेद अशी निरनिराळी चित्रे असतात. लांबी, रुंदी व उंची असलेली वस्तू सपाट कागदावर नेमकेपणाने उतरविण्याच्या शास्त्राला वर्णनात्मक भूमिती म्हणतात. हे शास्त्र आज शाळा-महाविद्यालयांतून शिकविले जात असले, तरी एके काळी ते लष्करी गुपित होते. ते गुपित वर्गात कसे आले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

कारागिरांची विद्या

दगडी कमानीचा प्रत्येक चिरा कसा घडवावा, तिरक्या छपराचा वासा किती लांब कापावा, हे युरोपातील पाथरवट व सुतार पिढ्यान्‌पिढ्या आकृत्या काढून ठरवीत असत. मात्र हे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे जाई व प्रत्येक कामाची रीत वेगळी असे. फ्रेझिए या फ्रेंच अभियंत्याने १७३७ ते १७३९ या काळात या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला; परंतु या सर्व रीतींना एका सूत्रात गुंफण्याचे श्रेय गास्पार मोंज (१७४६–१८१८) यांच्याकडे जाते.

मोंज हे किरकोळ व्यापाऱ्याचे पुत्र. मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत अधिकारीपदाचे शिक्षण उच्चकुलीनांसाठी असल्याने त्यांना तेथे आरेखनाचे दुय्यम काम मिळाले. १७६५ च्या सुमारास त्यांच्याकडे एका किल्ल्याचा प्रश्न सोपविण्यात आला. शत्रूच्या माऱ्यापासून आतील भाग सुरक्षित राहील अशी तटाची उंची ठरवावयाची होती. प्रचलित रीतीने त्यासाठी लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंज यांनी केवळ आकृतीच्या साहाय्याने उत्तर काढले. इतक्या लवकर उत्तर निघणे शक्यच नाही, असे समजून वरिष्ठांनी प्रथम ते तपासण्यासही नकार दिला. पद्धतीचे महत्त्व पटल्यावर मात्र ती बाहेर शिकविण्यास मनाई करण्यात आली.

पद्धतीचे मर्म

दोन पृष्ठे परस्परांशी काटकोनात कल्पावी; एक आडवे, दुसरे उभे. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून दोन्ही पृष्ठांवर लंब टाकावे. आडव्या पृष्ठावर तळनकाशा मिळतो, उभ्यावर दर्शनी नकाशा. मग उभे पृष्ठ मागे वळवून आडव्याच्या पातळीत आणले, की दोन्ही चित्रे एकाच कागदावर येतात.

कौलारू छपराच्या कोपऱ्यापासून आढ्याकडे तिरका चढणारा वासा घेऊ. तळनकाशात त्याची लांबी ४ मीटर दिसते आणि दोन टोकांच्या उंचीतील फरक ३ मीटर आहे. ४ व ३ मीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण काढला, की कर्ण ५ मीटर येतो. हीच वाशाची खरी लांबी. केवळ तळनकाशा पाहून लाकूड मागविले, तर प्रत्येक वासा एक मीटर आखूड पडेल.

वर्गात प्रवेश

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर परिस्थिती पालटली. १७९४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या व पुढे एकोल पॉलितेक्निक या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेत मोंज यांनी या विषयाला प्रमुख स्थान मिळवून दिले. १७९५ मध्ये एकोल नॉर्मालमध्ये देशभरातून आलेल्या भावी शिक्षकांपुढे त्यांनी या विषयावर व्याख्याने दिली. ही व्याख्याने लघुलेखकांनी उतरवून घेतली आणि १७९९ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. देशातील उद्योगांचे परावलंबन दूर करण्यासाठी कारागिरांपर्यंत हे ज्ञान पोहोचावे, ही त्यामागील भूमिका होती. व्याख्यान ऐकून विद्यार्थ्याने स्वतः आकृती काढलीच पाहिजे, हा या अध्यापनाचा दंडक होता.

याच संस्थेत शिकलेले क्लॉडियस क्रोझे १८१६ मध्ये अमेरिकेतील वेस्ट पॉइंट लष्करी शाळेत रुजू झाले. फळा आणि खडू यांच्या आधारे त्यांनी हा विषय शिकविला व १८२१ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

भारतात रुरकी येथे १८४७ मध्ये अभियांत्रिकी शिक्षणास प्रारंभ झाला. सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ अधिकारी तयार करण्याच्या हेतूने १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकी शाळा निघाली. तिचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. अशा शिक्षणात आरेखन हे अपरिहार्यच होते. वर दर्शनी नकाशा व खाली तळनकाशा ही मोंज यांच्या पद्धतीतील मांडणी भारतीय मानकांनीही स्वीकारली आहे. महाराष्ट्रातील इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेत विद्यार्थी घनभूमितीच्या ज्या आकृत्या काढतात, त्यांचे मूळही याच परंपरेत आहे.

आजचे महत्त्व

आता संगणकावर आराखडे तयार होतात आणि बऱ्याच ठिकाणी वर्णनात्मक भूमिती हा स्वतंत्र विषय राहिलेला नाही. परंतु संगणक रेषा काढून देतो. ती रेषा म्हणजे भिंत, पायरी की उतार, हे माणसालाच ओळखावे लागते. शिक्षकांनी काड्यापेटी वा विटेसारख्या वस्तूची दोन दृश्ये काढून घेतली, तरी ही दृष्टी घडू लागते. पंचायत सदस्यांनीही अंदाजपत्रकातील रकमेबरोबर आराखडा वाचावा. पायाची खोली छेदात दिसते, तळनकाशात नव्हे. एवढे ज्याला कळले, तो पाया बुजविण्यापूर्वीच योग्य प्रश्न विचारू शकेल.