चौथा नंबर, तिसरा नंबर आणि कांबळवाडीचा स्वप्नील

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार. दुपारचा एक वाजत आला होता. बेळ्ळंदूरच्या आमच्या पीजीमध्ये ताटात सांबार-भात घेऊन मी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. तेवढ्यात आईचा फोन. "बघतेस नव्हं? आपला पोरगा आहे गं, राधानगरीकडचा!" मागून मामाचा आवाज आला, "चौथा नको म्हणावं, बाकी काय बी चालंल!"

मामा असं का म्हणाला, ते नेमबाजी बघणाऱ्यांना लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडं मागे जाऊया.

चौथ्या नंबराचं दुखणं

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जॉयदीप कर्माकर ५० मीटर रायफल प्रोनमध्ये चौथा आला. २०१६ साली रिओमध्ये अभिनव बिंद्रा चौथा आला. हा तोच बिंद्रा, ज्यानं २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं होतं. रिओ आणि टोकियो या दोन्ही ऑलिंपिकमधून आपला नेमबाजी संघ रिकाम्या हातानं परतला.

पॅरिसला आपले २१ नेमबाज गेले होते. पण त्यांच्या स्पर्धा पॅरिस शहरात नव्हत्याच. त्या तिथून सुमारे २७० किलोमीटर दूर, शातोरू नावाच्या गावात होत्या. आयफेल टॉवर नाही की झगमगाट नाही. रेंज, रायफल आणि आपण, एवढंच.

२८ जुलैला मनू भाकरनं कांस्य जिंकलं आणि बारा वर्षांचा दुष्काळ संपला. दुसऱ्याच दिवशी अर्जुन बबुता १० मीटर एअर रायफलमध्ये चौथा. ३० जुलैला मनू आणि सरबज्योत सिंग यांना मिश्र गटात कांस्य. आता दौऱ्याचे शेवटचे काही दिवस उरले होते आणि पाळी होती स्वप्नील कुसाळेची.

त्याच्याही नावापुढे चौथा नंबर होताच, तोही दोनदा. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. त्या कामगिरीनं भारताला ऑलिंपिकची जागा मिळाली, पण पदक हुकलं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत संघाचं सुवर्ण मिळालं. वैयक्तिक फायनलमध्ये मात्र पुढे असताना एक गोळी फसली आणि पुन्हा चौथा!

हा खेळ असतो तरी कसा?

५० मीटर रायफल थ्री पोझिशन. नावातच सगळं आहे. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा. समोर ५० मीटरवर लक्ष्य. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढं!

पात्रता फेरीत प्रत्येक स्थितीत २०, अशा एकूण ६० गोळ्या. ३१ जुलैला स्वप्नीलनं ५९० गुण मिळवले आणि सातव्या क्रमांकानं फायनल गाठली. त्याचाच सहकारी ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर याला ५८९. फक्त एक गुण कमी, तरी तो अकरावा आला आणि बाहेर पडला.

फायनलमध्ये आठच जण असतात आणि गुण दशांशात मोजतात. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. गुडघ्यावर १५, झोपून १५, मग उभं राहून १०. तिथे तळाचे दोघं बाहेर जातात. त्यानंतर प्रत्येक गोळीला एक जण घरी. सगळ्यात अवघड स्थिती उभं राहण्याची, आणि खरा फैसला नेमका तिथेच होतो.

ती दुपार

गुडघ्यावरच्या १५ गोळ्या झाल्या तेव्हा स्वप्नील सहावा होता. झोपून मारल्यावर पाचवा. माझं सांबार थंड झालं होतं. नंतर त्यानं पत्रकारांना सांगितलं, की त्या सकाळी त्यानं फक्त काळा चहा घेतला होता. पोटात गोळा आला होता म्हणे. पण चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. श्वास, थांबणं, ट्रिगर. पुन्हा श्वास.

उभ्या स्थितीत तो एकेक पायरी चढत गेला. पाचव्याचा चौथा, चौथ्याचा तिसरा. एकेक जण बाहेर पडत होता. चार उरले तेव्हा मी फोन उचलून हातात घेतला. पुढची गोळी झाली आणि बाहेर गेला तो दुसराच कोणीतरी. चौथी जागा या वेळी स्वप्नीलची नव्हती!

४४ गोळ्यांत ४५१.४ गुण. सुवर्ण चीनच्या लिऊ युकूनला, रौप्य युक्रेनच्या सेर्ही कुलिशला आणि कांस्य कांबळवाडीला. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. महाराष्ट्राचा विचार केला, तर १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी जिंकलेल्या कांस्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी आलेलं वैयक्तिक पदक.

आईनं पुन्हा फोन केला. बोलली काहीच नाही, नुसती रडत होती. मामा मात्र ओरडत होता, "तिसरा! तिसरा!"

एका गोळीमागचं घर

स्वप्नीलचे वडील शिक्षक, आई गावची सरपंच. राधानगरी तालुक्यातलं छोटंसं गाव. २००९ मध्ये तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि तिथे त्याच्या हाती रायफल आली. हा खेळ महागडा. रायफल, गोळ्या, जाडजूड जॅकेट, सगळ्यालाच पैसे लागतात. २०१५ मध्ये त्याला मध्य रेल्वेत नोकरी मिळाली, तिकीट तपासनिसाची. धोनी त्याचा आदर्श, आणि धोनीसुद्धा आधी रेल्वेत तिकीट तपासायचा!

त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या आहेत. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. थोडक्यात, ही वाट आधी कोणीतरी चाललेलं होतं.

मग चौथ्यांचं काय?

दौरा तिथेच संपला नाही. ३ ऑगस्टला मनू २५ मीटर पिस्तूलमध्ये चौथी आली. ५ ऑगस्टला, नेमबाजीच्या शेवटच्या दिवशी, महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका कांस्यपदकाच्या लढतीत चीनकडून ४३-४४ असे हरले. म्हणजे एका गुणानं चौथे. संघ परतला तेव्हा हिशेब असा होता: तीन कांस्य आणि तीन चौथे नंबर.

तीन पदकांचे फोटो आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवले. मीही ठेवले. पण त्या रात्री आउटर रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये अडकले असताना एक विचार आला. कैरोत चौथा आल्यावर स्वप्नीलला घरच्यांनी "आता पुरे, नोकरी सांभाळ" म्हटलं असतं तर?

आपल्याकडे मूल चौथं आलं की पहिला प्रश्न असतो, "पहिले तीन कोण?" मीही शाळेत हा प्रश्न ऐकलाय, आणि खरं सांगायचं तर मावसभावाला विचारलासुद्धा आहे. त्या दिवशी त्याला मेसेज केला, "जिल्ह्यात चौथा आलास ना, तेव्हा मी नीट अभिनंदन केलंच नव्हतं. आता करते." त्याचं उत्तर आलं, "ताई, दोन वर्षं झाली की! पण थँक्यू."

तुमच्या घरातही असा एखादा चौथा नंबर असेल. आज जेवताना त्याला विचारा, पुढची स्पर्धा कधी आहे?