अग्निशामक भरती आणि लघवीची तपासणी

खामगाव, मलकापूर परिसरात जिनिंगमधल्या कापसाला आग लागली की धावून जातो तो नगरपरिषदेचा बंब. त्या बंबावर काम करण्याची इच्छा असलेली मुलं पहाटे मैदानावर धावताना दिसतात. यासाठी दहावीनंतर राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रातला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम उपयोगी पडतो. मुंबई अग्निशमन दलाच्या भरतीत तर धावण्याबरोबरच उंचावरून जाळीवर उडी मारावी लागते आणि माणसाच्या वजनाचा पुतळाही खांद्यावरून न्यावा लागतो.

अमेरिकेतल्या अनेक दलांमध्ये नेमणुकीआधी अमली पदार्थांची चाचणीही होते. ती समजून घेण्यासारखी आहे. आधी लघवीची झटपट तपासणी होते. ती संशय दाखवते, पुरावा देत नाही. गांजाचे अंश चरबीत साठतात, म्हणून रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते काही आठवडेही सापडतात. अफूचे साधारण दोन-तीन दिवसच. कोडीनयुक्त खोकल्याचं औषध, इतकंच काय, भरपूर खसखस खाल्ली तरी अफूची चाचणी सकारात्मक येऊ शकते. निरपराध मुलाची नोकरी अशा कारणाने जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्याच नमुन्याची मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक अचूक प्रयोगशाळा-पद्धतीने खातरजमा व्हायला हवी. उमेदवारानेही घेत असलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी तपासणीच्या डॉक्टरांना आधीच दाखवावी.