गर्भाशय-अंतःस्तराची अतिवृद्धी, ऋतुनिवृत्तीनंतरची

गर्भाशयाच्या पोकळीला आतून आच्छादणाऱ्या श्लेष्मल स्तराला अंतःस्तर म्हणतात. जननक्षम वयात तो स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) हॉर्मोनाने वाढतो, प्रगर्भरक्षी (प्रोजेस्टेरॉन) हॉर्मोनाने परिपक्व होतो व ऋतुस्रावाबरोबर गळून पडतो. ऋतुनिवृत्तीनंतर तो पातळ व निष्क्रिय होतो. मात्र प्रगर्भरक्षीचा विरोध नसताना स्त्रीमदजनाचा परिणाम दीर्घकाळ चालू राहिल्यास अंतःस्तरातील ग्रंथींची प्रमाणाबाहेर वाढ होते. तिला अतिवृद्धी म्हणतात.

स्थूलपणा (वसा-ऊतकात पौरुषजनांचे रूपांतर स्त्रीमदजनांत होते), केवळ स्त्रीमदजनाची चिकित्सा व स्तनकर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध ही प्रमुख कारणे होत. योनिमार्गे रक्तस्राव हे मुख्य लक्षण असून तो एकदाच व अल्प झाला तरी त्याची उपेक्षा करू नये. श्राव्यातीत तपासणीत अंतःस्तराची जाडी ४ मिमी. वा त्याहून कमी आढळल्यास कर्करोगाचा संभव फार कमी असतो. जाडी अधिक असल्यास ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. केवळ जाडीवरून औषध देणे योग्य नाही, कारण चिकित्सा विकृतीच्या प्रकारावर अवलंबून असते.

कोशिकांत अप्रारूपिक (नेहमीपेक्षा वेगळे) बदल नसल्यास २० वर्षांत कर्करोग होण्याचा धोका ५ टक्क्यांहून कमी असतो. अशा वेळी कारण दूर करून प्रगर्भरक्षी औषधे देतात. ती ग्रंथींची वाढ थांबवून अंतःस्तर क्षीण करतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे औषध प्रारंभी दररोज सु. २० मायक्रोग्रॅम सोडणारे साधन गर्भाशयात बसविणे अधिक गुणकारी ठरते. ते शक्य नसल्यास मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (दररोज १०–२० मिग्रॅ.) किंवा नॉरएथिस्टेरॉन (१०–१५ मिग्रॅ.) पोटात देतात. चिकित्सा खंड न पाडता निदान ६ महिने चालवावी लागते व दर ६ महिन्यांनी ऊतकपरीक्षा करतात. लागोपाठ दोन परीक्षा निर्दोष येणे आवश्यक असते. वजन वाढणे, सूज येणे व अनियमित रक्तस्राव हे उपद्रव संभवतात. स्तनकर्करोग वा नीलांमध्ये रक्ताची गुठळी झालेली असल्यास ही औषधे सहसा टाळतात.

अप्रारूपिक बदल असल्यास कर्करोग आधीच दडलेला असण्याचा संभव मोठा असतो. म्हणून ऋतुनिवृत्त स्त्रीत गर्भाशय, अंडवाहिन्या व अंडकोश शस्त्रक्रियेने काढून टाकणे हाच मुख्य उपाय होय. शस्त्रक्रिया सोसणे शक्य नसेल तरच औषधांचा आश्रय घेतात व वारंवार तपासणी करतात.